मधुमेही बोक्याचं इन्सुलिन वाढवायचं की कमी करायचं, हे घरी कसं ठरवावं?

प्रश्न असा आहे: नऊ वर्षांचा, खच्ची केलेला बोका, वजन ६ किलो. तीन आठवड्यांपूर्वी मधुमेहाचं निदान झालं आणि तेव्हापासून ग्लार्जिन इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ २-२ युनिट चालू आहे. घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळी इंजेक्शनआधी साखर ३४० ते ३८० दिसते. परवा संध्याकाळी मात्र ती ९५ आली. इंजेक्शनची वेळ झालीच होती म्हणून तुम्ही नेहमीचे २ युनिट दिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवर ३९०. डॉक्टरांकडची पुढची तपासणी दहा दिवसांवर आहे. तोवर आपणच डोस ३ युनिट करावा का?

करू नका. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या आकड्यांत मला ३९० पेक्षा ९५ ची काळजी जास्त वाटते. इन्सुलिन टोचतानाच साखर ९५ होती, मग त्यानंतर रात्रीतून ती कुठवर उतरली याची आपल्याकडे काहीच नोंद नाही. सकाळी बोका ठीक होता हे चांगलंच झालं, पण झोपेत साखर घसरलेलं मांजर बाहेरून नुसतं गाढ झोपल्यासारखंच दिसतं. तेव्हा दहा दिवस थांबू नका. आजच डॉक्टरांना फोन करा, हे तिन्ही आकडे वेळेसकट सांगा, आणि पूर्ण दिवसाच्या नोंदी हाती येईपर्यंत डोस दीड युनिटावर आणायचा का ते विचारा. हा बोका माझ्याकडे उपचाराला असता तर मी तेच सांगितलं असतं.

आता यामागचं कारण सविस्तर सांगते, कारण पुढचे कित्येक महिने तुम्हाला याच पद्धतीने विचार करावा लागणार आहे.

मांजराचा इन्सुलिनचा डोस इंजेक्शनआधीच्या आकड्यावरून वाढवायचा नसतो. तो ठरतो दोन इंजेक्शनांच्या मधल्या सगळ्यात खालच्या आकड्यावरून, म्हणजे साखरेच्या तळावरून. इंजेक्शनआधी जी साखर दिसते ती आधीच्या डोसचा असर ओसरत आल्यावरची असते. ती ३५० असण्याची बरीच कारणं संभवतात. डोस खरंच कमी पडत असेल आणि साखर दिवसभर ३०० च्या खाली येतच नसेल. किंवा डोस पुरेसा असेल, सहा तासांनी साखर १०० वर येत असेल, पण असर नऊ-दहा तासांतच संपत असेल. किंवा डोस जास्त होत असेल: साखर फार खाली गेली की शरीर ग्लुकॅगॉन, अॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, आणि काही तासांनी मीटरवर साडेतीनशे-चारशे दिसतात. किंवा मांजर घाबरलेलं असेल. पहिल्या कारणात डोस वाढवायचा, तिसऱ्यात कमी करायचा, आणि सकाळचा आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच. तुमच्या बोक्याच्या बाबतीत ९५ नंतरचे ३९० हे तिसऱ्या कारणाकडे बोट दाखवतात. तेच कारण आहे असं मी एका आकड्यावरून म्हणणार नाही. मांजराच्या साखरेत एरवीही दिवसागणिक मोठे चढउतार होतात आणि खाली जाऊन उसळी मारण्याचा हा प्रकार पूर्वी समजत असू त्यापेक्षा कमी वेळा घडतो, हे अखंड मोजणाऱ्या सेन्सरमुळे आता दिसू लागलंय. पण जिथे शंका आहे तिथे डोस वाढवायचा नाही, एवढं त्यावरून नक्की ठरतं.

भीतीबद्दल जरा अधिक. ताणामुळे मांजराची साखर जितकी चढते तितकी कुत्र्याची चढत नाही. पिंजऱ्यातून दवाखान्यात आणलेल्या, मधुमेह अजिबात नसलेल्या मांजरातही ३०० च्या वर साखर सापडते. म्हणूनच दवाखान्यात मोजलेल्या एका आकड्यावर डोस वाढवणं मला पटत नाही आणि घरी मोजणाऱ्या पालकांना मी मनापासून प्रोत्साहन देते. तुम्ही घरी मोजताय ही तुमच्या बोक्याच्या उपचारातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

तर पहिलं काम दिवसभराच्या नोंदींचं. घरी असाल असा एक दिवस निवडा. सकाळी खाणं आणि इंजेक्शन यांच्या आधी पहिला आकडा घ्या, मग नेहमीसारखं खाऊ घाला, नेहमीचा डोस द्या आणि पुढच्या इंजेक्शनपर्यंत दर दोन तासांनी मोजा. आकडा १५० च्या खाली आला की दर तासाला मोजा, कारण तळ तिथेच कुठेतरी आहे आणि दोन तासांच्या फटीत तो निसटतो. ग्लार्जिनचा तळ प्रत्येक मांजरात वेगळ्या वेळी येतो. शेजारच्या मांजराचा पाच तासांनी येतो म्हणून तुमच्याही बोक्याचा तेव्हाच येईल असं धरू नका. त्या दिवशी पाहुणे नकोत, नवं खाणं नको, आंघोळ-नखं काही नको. असा दिवस आठवड्याभराने पुन्हा काढावा लागतो, कारण एका दिवसाचा आलेख दुसऱ्या दिवशी तसाच येईल याची खात्री नसते.

रक्त कानाच्या कडेने जाणाऱ्या बारीक शिरेजवळून घ्या किंवा पुढच्या पायाच्या मोठ्या गादीतून. कान थंड असला की थेंब येत नाही, म्हणून कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस अर्धा मिनिट धरा. पाणी रक्तात मिसळलं तर आकडा चुकतो, तेव्हा कान पूर्ण कोरडा करून मगच टोचा. कडेला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवला तर रक्त केसांत न पसरता थेंब नीट उभा राहतो. मागून कापसाची गुंडाळी बोटाने धरून कानाला आधार द्या, आणि टोचून झाल्यावर तो कापूस काही सेकंद दाबून धरा, म्हणजे कानावर काळानिळा डाग पडत नाही. आणि प्रत्येक वेळी, थेंब मिळो न मिळो, बोक्याला त्याच्या आवडीचा खाऊ द्या. मांसाचा छोटा तुकडा साखर वाढवत नाही. थोड्याच दिवसांत बरीच मांजरं डबा उघडल्याचा आवाज ऐकून स्वतःहून येऊन बसतात.

मीटर कोणता आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि त्याने फरक पडतो. माणसाच्या रक्तातल्या साखरेचा बराच भाग तांबड्या पेशींत असतो. मांजरात ती जवळजवळ सगळी प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ द्रवभागात असते. त्यामुळे माणसांसाठीचा मीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, आणि वरच्या पट्टीत हा फरक जास्त असतो. प्राण्यांसाठीचे मीटर, जसा अल्फाट्रॅक, मांजरासाठी जुळवलेले असतात. माणसांचा मीटर वापरू नये असं मी म्हणत नाही, त्यावरही मांजरं उत्तम सांभाळली जातात. पण कायम एकच मीटर वापरा, तो कोणता हे डॉक्टरांना सांगा, आणि कमी आकडा आला तर ‘हा मीटर कमीच दाखवतो’ असं म्हणून सोडून देऊ नका. कमी आकडा खराच आहे असं धरून वागायचं.

त्वचेवर चिकटवायचा सेन्सर, फ्रीस्टाइल लिब्रेसारखा, परवडत असेल आणि बोका तो टिकू देत असेल तर जरूर विचारा. तो १४ दिवसांसाठी बनवलेला असला तरी मांजरांच्या अंगावरून बऱ्याचदा आधीच निघून येतो. रात्री काय घडतं ते त्याशिवाय कळणं अवघड. मात्र तो रक्तातली नव्हे तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना थोडा मागे राहतो. आणि मांजर सेन्सरवरच अंग टाकून झोपलं तर खोटा कमी आकडाही दाखवतो. सेन्सरवर साखर खाली दिसली तर कानाच्या रक्तावर पडताळून पाहा, पण मांजर लटपटत असेल तर पडताळणीत वेळ घालवू नका.

आलेख हाती आला की निर्णय कसा घ्यायचा? हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमचा मीटर मिलिमोल दाखवत असेल तर त्याच्या आकड्याला १८ ने गुणा. तळ १५० च्या वर असेल, आणि मांजराला तहान-लघवी अजून जास्त असेल, तर डोस अर्ध्या युनिटाने वाढवायचा विचार होतो. तळ ८० ते १५० च्या दरम्यान असेल तर डोस आहे तिथेच ठेवायचा, मग इंजेक्शनआधीचा आकडा ३०० असला तरी. पालकांना हे सगळ्यात अवघड जातं, कारण समोर ३०० दिसत असताना काहीच न करणं हातून होत नाही. पण तळ ९० असताना अर्धा युनिट वाढवलं तर तो अर्धा युनिट सकाळच्या ३०० ला हात लावण्याआधी दुपारच्या ९० ला खाली ओढतो. अशा वेळी इन्सुलिनचा असर पूर्ण १२ तास टिकतो का, खाण्याची वेळ बदलायची का, इन्सुलिनच बदलायचं का, हे डॉक्टरांशी बोलायचे विषय आहेत. तळ ८० च्या खाली गेला तर बोका कितीही टवटवीत दिसत असला तरी पुढचा डोस अर्ध्या ते एक युनिटाने कमी करायचा. साखर ६० च्या खाली गेली किंवा लक्षणं दिसली तर ती तातडीची बाब. त्याबद्दल खाली लिहिलंय, आणि त्यानंतर इन्सुलिन सहसा निम्म्या डोसने पुन्हा सुरू होतं.

वाढवल्यावर निदान पाच ते सात दिवस थांबा. ग्लार्जिन बाटलीत आम्ल द्रावणात विरघळलेलं असतं. त्वचेखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण होतात आणि त्यातून ते हळूहळू रक्तात उतरतं. नव्या डोसचा खरा असर स्थिरावायला काही दिवस जातात. सोमवारी वाढवलं, बुधवारी आकडा पटला नाही, म्हणून बुधवारी पुन्हा वाढवलं, की शनिवारी रात्री दोन्ही बदलांचा असर एकत्र होऊन मांजर कोसळतं. कमी करताना मात्र थांबायचं नाही. दोन-तीन दिवस साखर जास्त राहिल्याने मांजराचं फारसं बिघडत नाही. एकदा खोल खाली गेली तर मेंदूला इजा होते, जीव जातो. आपल्याकडून होणाऱ्या दोन चुकांपैकी एक भरून निघणारी आहे, एक नाही, आणि डोसचे सगळे नियम या फरकावर उभे आहेत.

तुम्ही विचारलेली दोनवरून तीनची उडी म्हणजे डोस एकदम निम्म्याने वाढवणं. मांजरांचे डोसच मुळात इतके लहान असतात की अर्धा युनिटसुद्धा मोठा बदल ठरतो. बहुतेक मांजरांना सुरुवात दर वेळी १ युनिटाने करतात, आणि मांजर मोठं असलं तरी सुरुवातीला २ च्या वर जात नाहीत.

म्हणूनच सिरिंजकडे लक्ष द्या. नेहमीच्या ग्लार्जिनच्या १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात, त्याला यू-१०० सिरिंज लागते. प्राण्यांसाठीच्या काही इन्सुलिनांत, जसं प्रोझिंक किंवा कॅनइन्सुलिन, १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि त्यांना यू-४० सिरिंज लागते. यू-४० सिरिंजमध्ये ग्लार्जिन १ च्या खुणेपर्यंत भरलं तर मांजराला अडीच युनिट जातात. उलट केलं, म्हणजे ४० चं इन्सुलिन यू-१०० सिरिंजमध्ये १ च्या खुणेपर्यंत भरलं, तर जेमतेम ०.४ युनिट. सिरिंज संपल्या, मिळाल्या त्या आणल्या, आणि त्याच रात्री मांजर बेशुद्ध, असं मी पाहिलंय. नवं पाकीट उघडताना त्यावरची खूण दर वेळी वाचा. ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली सिरिंज मागून घ्या. दीड युनिट डोळ्याच्या अंदाजाने भरणं दर वेळी सारखं जमत नाही. ग्लार्जिन पातळ करायचं नाही, दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचंही नाही, नाहीतर त्याचा संथपणाच जातो. बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं किंवा गढूळ झालेलं ग्लार्जिन टाकून द्या. आणि एरवी नीट चाललेल्या मांजराची साखर अचानक चढायला लागली तर डोस वाढवण्याआधी नवी बाटली उघडून पाहा.

रोजच्या इंजेक्शनआधीचे काही नियम घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवेत. साखर २०० च्या खाली असेल तर लगेच टोचू नका. खाऊ घाला, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. वर चढत असेल तर डॉक्टरांनी अशा वेळेसाठी ठरवून दिलेला कमी डोस द्या, चढत नसेल तर तो डोस सोडून द्या आणि फोन करा. अनुभवी पालक आणि त्यांचे डॉक्टर ही मर्यादा पुढे खाली आणतात, पण तिसऱ्या आठवड्यात २०० च धरा. परवाचे ९५ या नियमात पूर्णपणे थांबण्याच्या बाजूचे होते. बोक्याने खाल्लं नाही किंवा उलटी केली तर पूर्ण डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. टोचताना इन्सुलिन केसांत सांडलं की आत गेलं याची खात्री नसेल तर पुन्हा टोचायचं नाही, अगदी थेंबभरसुद्धा. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. आणि घरात दोघंजण इंजेक्शन देत असतील तर बाटलीजवळ कागद लावा, देणाऱ्याने टोचल्या टोचल्या वेळ आणि डोस लिहून सही करावी. सकाळच्या गडबडीत एकाने दिलं आणि दुसऱ्याने न विचारता पुन्हा दिलं, हा प्रकार कल्पनेपेक्षा जास्त घरांत होतो.

साखर फार खाली गेल्याची लक्षणं सगळ्या मांजरांत सारखी नसतात. कुणी एकदम भुकेलं होऊन ओरडत फिरतं, कुणी कोपऱ्यात जाऊन बसतं. पुढे चाल लटपटते, नजर हरवल्यासारखी होते, अंग थरथरतं, झटके येतात. मांजर शुद्धीवर असेल तर आधी खायला द्या. खात नसेल किंवा लटपटत असेल तर मध किंवा ग्लुकोज पावडरीचं घट्ट पाणी, साधारण एक चमचा, बोटाने हिरड्यांवर चोळा. झटके येत असताना तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. हिरड्यांवर चोळत दवाखान्याकडे निघा, आणि निघतानाच फोन करा. मांजर उठून बसलं म्हणजे संकट टळलं असं समजू नका. लांब टिकणाऱ्या इन्सुलिनचा असर अजून तासन्‌तास बाकी असतो आणि मधाची साखर तासाभरात संपते. त्यामुळे वर आलेल्या मांजराला खाऊ घालून सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी आणि मग दर तासाला, पुढच्या इंजेक्शनच्या वेळेपर्यंत मोजत राहावं लागतं. मधाची बाटली इन्सुलिनशेजारीच ठेवा.

दुसऱ्या टोकाचा धोका कीटोनचा. इन्सुलिन अपुरं पडलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून तयार होणारी कीटोन नावाची आम्लं रक्तात साचतात. मांजर खाणं सोडतं, उलट्या करतं, सुकतं, जोरात श्वास घेतं, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. साखर २५०-३०० च्या पुढे सारखी राहात असेल तर लघवीवरच्या कीटोन पट्ट्या घरात ठेवा. पट्टीवर ठळक कीटोन दिसले, किंवा मांजर खात नाही आणि ओकतंय, तर घरी डोस वाढवत बसू नका. हा सलाइनचा आणि दवाखान्यात भरतीचा आजार आहे. उरलेल्या सगळ्या वेळी, म्हणजे बोका खातोय, खेळतोय, कीटोन नाहीत आणि साखर ३५० आहे, अशा वेळी तुमच्या हातात विचार करायला पुरेसा वेळ असतो.

मीटरइतकाच भरवसा मी वजनकाट्यावर ठेवते. दर आठवड्याला बोक्याचं वजन घ्या, रोज किती पाणी पितो ते मोजून लिहा, मातीच्या पेटीतले ओले गोळे किती आणि केवढे ते बघा. रक्तातली साखर साधारण २७० च्या आसपास गेली की ती मूत्रपिंडातून गळायला लागते, सोबत पाणी ओढून नेते. तिथूनच ती तहान आणि ते मोठे गोळे येतात. आलेख फारसा देखणा नसतानाही मांजराची तहान कमी झाली, वजन टिकलं, केसांना चमक आली, तर ते सुधारतंय. मागचे पाय टाचांवर टेकवून चालणं, म्हणजे मधुमेहाने मज्जातंतूंवर झालेला परिणाम, हळूहळू कमी होतो; त्याला काही महिने द्या. उलट आकडे छान आणि वजन उतरतंय, तर थायरॉइड, मूत्रपिंड, आतडी यांपैकी कुठेतरी दुसरा आजार शोधावा लागतो. डॉक्टर मधूनमधून फ्रुक्टोसमिन तपासतील. ती चाचणी मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते, एका दिवसाच्या भीतीने फसत नाही. पण सरासरीत खोल तळ लपून जातात, त्यामुळे तीही एकटी पुरत नाही.

खाण्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण डोसचा हिशेब त्याशिवाय पुरा होत नाही. मांजर मूळचं मांसाहारी, पिष्टाचा भार त्याला फारसा पेलत नाही. मधुमेही मांजराला एकूण उष्मांकांपैकी साधारण १२ टक्क्यांहून कमी पिष्टातून येतील असं, शक्यतो ओलं खाणं सुचवतात. कोरड्या दाण्यांवरून अशा खाण्यावर आणलं की इन्सुलिनची गरज कधी कधी काही दिवसांतच झपाट्याने घटते. खाणं बदललं आणि डोस तोच ठेवला, हे साखर कोसळण्याचं एक नेहमीचं कारण आहे. गेल्या तीन आठवड्यांत तुम्ही खाणं बदललंय का? बदललं असेल तर ९५ चा उलगडा तिथेही होऊ शकतो, आणि डॉक्टरांना फोनवर हे सांगायलाच हवं. खाणं बदलायचं असेल तर ते आणि डोस एकाच आठवड्यात हलवू नका, आणि त्या काळात रोज मोजा. बोका जाड असेल तर वजन उतरवणं हाच मोठा उपचार आहे, पण आठवड्याला एक, फार तर दोन टक्के. जाड मांजर उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं.

डोस वाढवत वाढवत वर गेला आणि साखर तरी हलेना, तर? एका वेळच्या डोसमध्ये किलोमागे १.५ युनिट ओलांडलं की इन्सुलिनला विरोध करणारं काहीतरी शरीरात आहे असं मानतात. मी त्याच्या बरंच आधी, ४-५ युनिटांपाशीच शोधायला लागते. पहिला प्रश्न स्टेरॉइडचा: खाजेसाठी दिलेलं लांब टिकणारं इंजेक्शन आठवडेच्या आठवडे साखर चढवतं. मग कुजलेले दात, लघवीचा जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज. त्यानंतर अॅक्रोमेगाली, म्हणजे मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठीतून वाढीचं संप्रेरक जास्त स्रवणं. हा आजार दुर्मीळ समजत असत, पण ब्रिटनमध्ये मधुमेही मांजरांची मोठ्या प्रमाणावर तपासणी केली तेव्हा साधारण दर चारांतल्या एकात त्याची चिन्हं सापडली. साखर आटोक्यात नसतानाही वजन वाढतंय, चेहरा-पंजे रुंद होतायत, तर आयजीएफ-१ ही रक्तचाचणी विचारा. इन्सुलिन सुरू होऊन सहा-आठ आठवडे झाल्यावर केली तर तिचा निकाल जास्त भरवशाचा.

गोळ्या-औषधांबद्दलही तुमच्या कानावर येईल. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन ही तोंडावाटे द्यायची औषधं मांजरांसाठी मंजूर केली. ती मूत्रपिंडातून साखर बाहेर टाकतात. पण ती मंजुरी आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहे, आणि ही औषधं चालू असताना साखर जवळपास सामान्य असूनही कीटोन वाढू शकतात. तुमच्या बोक्याला इन्सुलिन चालू आहे, तेव्हा ते औषध आपणहून सुरू करू नका.

आता त्या ९५ ची दुसरी बाजू, कारण ती बातमी वाईटच आहे असं नाही. मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या टाइप-२ सारखा असतो: स्वादुपिंडातल्या पेशी मेलेल्या नसतात, सततच्या चढ्या साखरेने थकलेल्या असतात. साखर लवकर आटोक्यात आणली तर त्या पुन्हा कामाला लागतात आणि मांजर इन्सुलिनशिवाय राहू शकतं. कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्लार्जिनवरच्या ५५ मांजरांचे पालक घरीच साखर मोजत होते. एकूण ६४ टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं. निदानापासून सहा महिन्यांच्या आत काटेकोर उपचार सुरू झालेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होतं, उशीर झालेल्यांत ३५ टक्के. पण ते पालक दिवसातून अनेकदा मोजत होते. त्यांचे काटेकोर डोस दिवसातून एकदा मोजणाऱ्या घरात वापरणं धोक्याचं आहे. तुमचा बोका तिसऱ्या आठवड्यात आहे, म्हणजे नेमक्या संधीच्या काळात. त्याचं स्वादुपिंड जागं होत असेल तर इंजेक्शनआधीचे असे कमी आकडे पुन्हा पुन्हा दिसायला लागतील, आणि तेव्हा वाढवलेला डोस त्याला थेट संकटात नेईल. अशा वेळी डॉक्टर अर्ध्या-अर्ध्या युनिटाने खाली येतात, मग दिवसातून एकदाच अर्धा युनिट, मग बंद.

इन्सुलिनशिवाय साखर सलग चार आठवडे सामान्य राहिली की मांजर आजारातून बाहेर आलं असं धरतात. तरी मोजणं थांबवायचं नाही: पहिला महिना आठवड्यातून दोनदा, पुढे महिन्यातून एक-दोनदा, आणि तहान वाढल्यासारखी वाटली तर त्याच दिवशी. खाणं कमी पिष्टाचंच चालू राहतं. पुढे कधी खाज, दमा किंवा आतड्यांच्या सुजेसाठी कुणी स्टेरॉइड सुचवलं, तर या बोक्याला मधुमेह होऊन गेलाय हे इंजेक्शन भरण्याआधी सांगा. बहुतेक वेळा दुसरा मार्ग निघतो, आणि नाहीच निघाला तर त्या काळात साखर रोज मोजायची तयारी ठेवून मगच ते घ्यायचं.